ताजा कलमातली पुडी

प्रश्न : माझं वय ३८. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला शिकवते. शाळा सकाळी सात दहाची. सहा वर्षांपासून थायरॉइडची ७५ची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच ३.२ आला, डॉक्टर म्हणाले, एकदम नॉर्मल. पण गेले पाच महिने सकाळी अंगात जीवच नसतो. साडेपाचचा गजर होतो, उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. एका हाताने ओटा धरून पोळ्या भाजते. दुपारनंतर जरा माणसात येते. वजन ६ किलो उतरलं. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे सगळं मनाचं आहे. मी स्वतःच एक तपासणीचं पॅकेज घेतलं. घरी येऊन साडेअकराला रक्त नेलं. त्यात कॉर्टिसॉल ४.८ आणि पुढे ‘लो’ लिहिलंय. मोबाइलवर शोधलं तर ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ असं नाव निघालं. एका बाईंनी तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय, १४ हजारांचा. त्याने थायरॉइडची गोळीही सुटेल म्हणतात. घेऊ का? की डॉक्टरांकडून गोळी १००ची करून घेऊ?

ता. क. : कंबरदुखीसाठी दीड वर्ष एका ठिकाणच्या पुड्या घेत होते. दोन दिवसांत गुण आला होता. चेहराही छान भरला होता, सगळे तब्येत सुधारली म्हणायचे. दिवाळीनंतर देणारा माणूसच गाव सोडून गेला, म्हणून बंद झाल्या आणि कंबर पुन्हा दुखू लागली. याच्याशी संबंध नसेल, पण लिहिलं.

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ता. क.पासून सुरुवात केली. सव्वीस वर्षं दवाखाना चालवते आहे. पेशंट बोलून उठतो, दाराशी जाऊन चपला पायात सरकवतो आणि म्हणतो, “आणि हो, एक सांगायचं राहिलंच.” तेव्हा मी त्याला परत बसवते. तुमच्या पुड्याही अशाच दाराशी येऊन थांबल्या आहेत. संबंध नसेल असं तुम्हाला वाटतं. मला मात्र या दुखण्याचं मूळ तिथेच असण्याची दाट शंका आहे.

जीव टांगणीला नको म्हणून तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. कोर्स घेऊ नका. गोळी १००ची करून मागू नका, आणि आहे ती ७५ची आपल्या मनाने बंदही करू नका. आणि पाच महिन्यांत सहा किलो वजन उतरलेल्या बाईला ‘मनाचे खेळ’ म्हणून कुणी घरी बसवत असेल, तर त्यांचं ऐकू नका.

थायरॉइड कमी पडलं की माणूस थकतो, हे खरंच. पण त्यात वजन सहसा वाढतं, अंग जड होतं, थंडी वाजते, पोट साफ होत नाही. तुमचं वजन उतरतंय आणि उठल्यावर अंधारी येतेय. गोळी नीट चालू असताना, टीएसएच जागेवर असताना असं होत असेल, तर थायरॉइडच्या पलीकडे बघायला हवं.

आता पुडीकडे येते. अशा पुड्या माझ्या टेबलावर कितीतरी वेळा उघडल्या गेल्या आहेत. वहीच्या कागदाची चौकोनी घडी, आत विटकरी भुकटी. भिंग धरून पाहिलं तर त्या भुकटीत खरबरीत पांढरे कण दिसतात, गोळ्या कुटल्यावर उरतात तसे. वर नाव नसतं, घटक नसतात, तारीख नसते. सांधेदुखी-कंबरदुखीच्या अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड सापडतं, प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन. तुमच्या पुडीत तेच होतं, हे तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दोन दिवसांत गुण, गोल भरलेला चेहरा, आणि बंद केल्यावर परतलेलं दुखणं व हा थकवा, हे सगळं तुम्हीच लिहिलं आहे. (हे वाचून कुणी वैद्य रागावू नयेत. निनावी कागदात काय आहे ते देणाराही सांगत नाही, त्याला मी आयुर्वेद म्हणत नाही.)

तुम्ही फसलात म्हणून स्वतःला बोल लावू नका. या औषधाचा गुण असाच चक्रावून टाकणारा असतो. १९४८च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला नव्यानेच हाती आलेलं कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं. आठवड्याभरात ती बाई चालू लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. मग गोल झालेले चेहरे, थाऱ्यावर नसलेली मनं आणि औषध थांबवताच उलटून येणारं दुखणं डॉक्टरांना दिसू लागलं. जे मोठमोठ्या डॉक्टरांना आधी चमत्कार वाटलं, ते तुम्हाला वाटलं यात तुमचं काय चुकलं?

शरीरात काय होतं ते असं. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल बनवतात. पहाटेपासून ते चढायला लागतं, सकाळी सहा ते आठच्या सुमारास सगळ्यांत जास्त असतं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत जातं. झोपेतून उठून उभं राहताना रक्तदाब सांभाळणं, रात्रभराच्या उपाशी पोटी साखर टिकवणं, ही त्याची कामं. ते बनवायचा हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. बाहेरून रोज कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टिरॉइड येत राहिलं की पिट्युटरी म्हणते, भरपूर आहे, आणि हुकूम धाडणं थांबवते. काम नसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसतात. दीड वर्षाने पुडी एका दिवसात बंद झाली. तेव्हा बाहेरचा पुरवठा तुटला आणि घरचा अजून सुरू झालेला नव्हता. तो पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षभर, कधी त्याहून जास्त. साडेपाचला ओटा धरून उभं राहावं लागतं ते बहुधा यामुळे.

एक दुसरी शक्यताही तपासायला हवी, आणि ती तुम्ही आज घरीच थोडीशी बघू शकता. दिवसाउजेडी खिडकीशी बसा आणि तळहात उघडा. हाताच्या रेषा पूर्वीपेक्षा काळपट झाल्या आहेत का? बोटांची पेरं, कोपरं, हिरड्या, जुन्या ऑपरेशनचा किंवा भाजल्याचा व्रण? आपल्या सावळ्या कातडीवर हे पटकन कळत नाही, म्हणून बहिणीच्या हाताशेजारी हात ठेवून बघा, तीन-चार वर्षांपूर्वीचा फोटो काढा. शिवाय मीठ खावंसं वाटतं का, लोणच्याचा खार चाटावासा वाटतो का, हे आठवा. असं असेल तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीच बिघडल्याची शंका येते. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली वर्णन केलेला हा आजार. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते तशी काही जणांत ती अ‍ॅड्रिनलवरही उलटते, म्हणून थायरॉइडच्या पेशंटमध्ये मी तो डोक्यात ठेवते. आपल्याकडे क्षयरोगही त्याचं एक कारण आहे. पुड्यांमुळे कॉर्टिसॉल कमी झालं असेल तर कातडी काळवंडत नाही.

हे एवढ्या कळकळीने लिहिण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी तुमच्याच वयाची एक बाई थकवा घेऊन आली. टीएसएच थोडा वर होता. मी थायरॉइडची गोळी ५०ची ७५ केली आणि सहा आठवड्यांनी या म्हटलं. ती तीन आठवड्यांतच आली, रिक्षातून, उलट्या करत. रक्तदाब ८०. सलाइन लावून मी तिला शहरात पाठवलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी फोनवर मला विचारलं, “तळहात पाहिलेत का?” मी पाहिले नव्हते. कॉर्टिसॉल कमी असतानाही टीएसएच थोडा वाढलेला दिसू शकतो, आणि थायरॉइडची गोळी वाढवली की शरीर आहे ते कॉर्टिसॉलही भराभर संपवतं. म्हणून क्रम महत्त्वाचा असतो. कॉर्टिसॉलचा प्रश्न आधी मिटवायचा, थायरॉइडची मात्रा त्यानंतर वाढवायची. ती बाई आज ठणठणीत आहे, पण तो दिवस मी विसरलेले नाही. तुम्ही १००ची गोळी मागू नका असं म्हणताना मला तीच रिक्षा दिसते.

आता तुमचा ४.८. रिपोर्टवर छापलेली मर्यादा सकाळी आठच्या रक्तासाठी असते. तुमचं रक्त साडेअकराला घेतलं, तेव्हा पातळी उतरणीला लागलेली असते. त्यामुळे त्या ‘लो’वरून काहीच ठरत नाही. ते वाचून घाबरू नका आणि सोडूनही देऊ नका. सकाळी आठच्या सुमारास, पुन्हा रक्त द्या. ढोबळमानाने, आठचा आकडा ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की, १५च्या वर असेल तर सहसा काळजी नाही. मधे कुठे असेल तर आणखी एक चाचणी लागते. एसीटीएचचं, म्हणजे पिट्युटरीच्या त्या हुकमाच्या हार्मोनचं, २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देतात आणि अर्ध्या तासाने, तासाने रक्त घेऊन ग्रंथी जाग्या होतात का ते पाहतात. आपल्याकडे ते इंजेक्शन सगळीकडे मिळत नाही, काही ठिकाणी दुसऱ्या प्रकारचं एसीटीएच वापरतात. हे काम हार्मोन्सच्या तज्ज्ञांचं, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टचं. तुम्हाला पुणं किंवा कोल्हापूर गाठावं लागेल. आठच्या कॉर्टिसॉलसोबत एसीटीएच, सोडियम, पोटॅशियम, साखर आणि टीएसएचच्या जोडीने फ्री टी-४ करून घ्या म्हणजे दोन फेऱ्या वाचतील.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवा. त्यांनी थायरॉइडचे आणि कॉर्टिसॉलचे आकडे खोटे येऊ शकतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी कॉर्टिसॉल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. आणि घरात एखादी पुडी उरली असेल तर ती टाकू नका, घेऊही नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तो माणूस एव्हाना दुसऱ्या गावात दुकान मांडून बसला असेल. त्या गावातल्या कंबरा तरी वाचतील.

कमतरता निघाली तर बहुधा हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतील, दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, पहिला आणि मोठा भाग उठल्याउठल्या. तुम्ही दचकाल. स्टिरॉइडनेच घात केला आणि पुन्हा स्टिरॉइड? पण शरीर रोज स्वतः जेवढं बनवतं तेवढंच ते असतं. पुडीत किती असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. पुडीमुळे असेल तर ग्रंथी जाग्या होतील तसं ते कमी करत नेतील. मात्र एकदा सुरू झालं की एक दिवसही आपल्या मनाने बंद करायचं नाही. ताप आला तर मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते, उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पर्समध्ये ठेवा.

तोपर्यंतचे दिवस जपून काढा. चैत्र सुरू आहे, ऊन वाढलंय. निर्जळी उपवास करू नका, ताकात मीठ घालून प्या, पाण्याची बाटली वर्गात न्या. अंथरुणात आधी उठून बसा, दोन मिनिटं पाय खाली सोडून थांबा, मग उभ्या राहा. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा आडवं पडून आणि एकदा उभं राहून रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २०ने उतरत असेल तर तपासणीसाठी थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि उलट्या-जुलाब, ताप, पोटात कळ, गळून गेल्यासारखं, बोलणं असंबद्ध, यातलं काही झालं तर घरी लिंबूपाणी देत बसू नये. सरळ रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं, “दीड वर्ष स्टिरॉइड असलेलं औषध घेतल्याची शंका आहे, कॉर्टिसॉल कमी असू शकतं.” हे वाक्य तुमच्या यजमानांनाही पाठ करायला लावा. दाढ काढायची असेल, छोटं ऑपरेशन असेल, तरी तेच सांगायचं.

त्या कोर्सबद्दल. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे नाव १९९८मध्ये अमेरिकेत जेम्स विल्सन यांनी काढलं. ताणामुळे अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमतात, असं त्यांचं म्हणणं. २०१६मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास पडताळले आणि असा आजार असल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. २०१८ साली अमेरिकेत ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ म्हणून विकली जाणारी १२ उत्पादनं तपासली, तर बाराही उत्पादनांत थायरॉइडचं टी-३ हार्मोन निघालं आणि काहींत स्टिरॉइडही. म्हणजे तुम्ही एका पुडीतून सुटून दुसरीत जाल, फक्त ही डबीत असेल. त्या बाई मनाने वाईट असतील असं मी म्हणत नाही. तुमचं ऐकून घेणारं त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं, हे मला जास्त टोचतं. आम्ही डॉक्टर ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद परत करतो आणि पेशंट ऐकणाऱ्याकडे जातो.

थायरॉइडच्या गोळीचंही बघून घ्या. ती उपाशी पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. साडेपाचला गोळी आणि पावणेसहाला चहा असं सकाळच्या शाळेत हमखास होतं, आणि चहा-कॉफीने गोळी नीट शोषली जात नाही. हवं तर गजराच्या अर्धा तास आधी नुसती गोळी घेऊन पुन्हा आडव्या व्हा, किंवा डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या. लोहाची, कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. बाटली गॅसजवळच्या फडताळात ठेवू नका, उष्णतेने आणि दमटपणाने औषध उतरतं. मात्रा बदलली तर सहा ते आठ आठवडे गेल्याशिवाय टीएसएच करण्यात अर्थ नाही. कोबी-फ्लॉवर भाजी म्हणून शिजवून खुशाल खा.

हे सगळं चांगलं निघालं तर? तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ (शाकाहारी असाल तर नक्कीच), तीन महिन्यांची साखर, आणि झोप. रात्री घोरता का, ते यजमानांना विचारा. उदासपणातही सकाळ सगळ्यांत जड जाते, आणि तोही तपासून बरा करायचा आजारच आहे.

एक गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या इतर बायकांसाठी. बाळंतपणात फार रक्त गेलं होतं, नंतर अंगावर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, आणि आता वर्षानुवर्षं थकवा आहे, असं कुणाचं असेल तर तिच्या पिट्युटरीलाच धक्का बसलेला असू शकतो. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. तिथे टीएसएच नॉर्मल दिसतो आणि थायरॉइड, कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतात. नुसत्या टीएसएचवर विसंबून राहिलं तर हे वर्षानुवर्षं सापडत नाही.

घरच्यांचं. सासूबाईंना कॉर्टिसॉल समजावत बसू नका. रक्तदाब मोजायला जाल तेव्हा यजमानांना सोबत न्या आणि आडवं-उभं दोन्ही आकडे त्यांच्यासमोर मोजू द्या. दोन आकड्यांतला फरक डोळ्यांनी दिसला की ‘मनाचं आहे’ म्हणणारा माणूस गप्प होतो, हे मी पाहिलं आहे. तपासणी होईपर्यंत सकाळच्या पोळ्या दुसऱ्या कुणीतरी कराव्यात, नाहीतर डब्यात आदल्या रात्रीची भाकरी न्यावी. चक्कर येत असताना तव्याजवळ उभं राहू नका. भाजलं तर कोण भरून देणार आहे?

कंबर दुखते आहे त्याचीही हेळसांड नको. ते दुखणं खरं होतं म्हणूनच तुम्ही पुडीपर्यंत गेलात. कॉर्टिसॉलचं एकदा मार्गी लागलं की तिचा एक्स-रे आणि व्यायाम आपण स्वतंत्रपणे बघू. आणि कंबरेत किंवा खांद्यात इंजेक्शन देतो म्हणाले तर आधी ही सगळी हकिकत सांगा, त्यातही बहुतेकदा स्टिरॉइडच असतं.

आठ वाजता रक्त द्यायचं म्हणजे पहिले एक-दोन तास बुडणार. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. रिपोर्ट आला की आकड्याशेजारी रक्त किती वाजता घेतलं तेही लिहून मला पाठवा.